झाडपाल्याची पुरवणी वैरण

पेरणी, बीं-भरण, खत आणि मजुरी यांचा हिशेब आमचा शेतकरी वर्षाच्या आरंभीं करतो. वैरणीचा हिशेब मात्र कडब्याची गंज अर्धी उतरल्यावर करतो. तोंवर माघ संपलेला असतो, बांधावरचें गवत वाळून गेलेलें असतें आणि बाजारांत कडबा महाग झालेला असतो. मग एक तर चढ्या भावानें वैरण घ्यावयाची, नाहीं तर दावणीचें जनावर पडत्या भावानें बाजारांत न्यावयाचें, एवढे दोनच मार्ग पुढें उरतात. या दोहोंच्या मधला एक तिसरा मार्ग आपल्या बांधावरच उभा आहे आणि तो झाडपाल्याचा होय. मेंढपाळास व शेळीवाल्यास तो पूर्वींपासून ठाऊक आहे. जमीनवाला शेतकरी मात्र त्याकडे दुष्काळांतील नाइलाज म्हणून पाहतो. ही दृष्टि बदलावी व पाल्याचा उपयोग नेमानें, हिशेबानें आणि झाड राखून व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

आपल्या भागाची स्थिति

गेवराई तालुक्यांतील चकलांबा व आसपासचीं गांवें डोळ्यांपुढें ठेवून आम्ही पुढील विवेचन करीत आहों. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा आहेत. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या दरम्यान धरतात. परंतु सरासरी हा आंकडा कागदावरचा असून प्रत्यक्ष पाऊस कधीं आषाढांत दडी मारतो तर कधीं हस्तांत पाठ फिरवितो. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या स्मरणांत आहे. त्यानंतर २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षीं जिल्ह्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या आणि शेतकऱ्यांनीं आपलीं जनावरें घेऊन महिनोन्‌महिने तेथें मुक्काम केला.

पाऊस कमी हें वैरणीच्या टंचाईचें एक कारण झालें. दुसरें कारण पीकपद्धतींत आहे. जेथें पूर्वीं ज्वारी व बाजरी होत असे, तेथें आतां बराच कापूस, सोयाबीन व ऊंस आला आहे. कापसाची पऱ्हाटी गुरांच्या उपयोगाची नाहीं आणि सोयाबीनचें भुसकट थोडें व हलकें. पैशाच्या पिकानें रोकड दिली, पण गंज लहान केली. जी थोडी शाळू ज्वारी उरली तिच्या कडब्यावरच बैल, गाय व म्हैस यांचा उन्हाळा काढावा लागतो.

तिसरी गोष्ट ऊंसतोडीची. या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबें दरवर्षीं दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या भागांत जातात आणि त्यांतील कित्येक अद्यापि बैलगाड्या घेऊन जातात. तेथें बैलांना मुख्यतः उंसाचें वाढें मिळतें. वाढ्यांत ऑक्झॅलेट नांवाचें द्रव्य असतें व तें जनावराच्या अंगांतील चुन्याचा अंश बांधून टाकतें. म्हणूनच जाणते लोक वाढ्याबरोबर चुन्याची निवळी देतात. पाडव्याच्या सुमारास हे बैल थकून गांवीं परततात, तेव्हां घरीं वैरण संपलेली असते. अशा वेळीं त्यांना जें पाहिजे असतें तें पोट भरणारें पाचट नसून कांहीं सकस अन्न होय. झाडाच्या पाल्यांत चुन्याचा अंश विपुल असतो, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराचें पोट

पाल्याचा उपयोग नीट समजण्यासाठीं पोटाची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे. गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे आंबवणाची एक मोठी रांजणच होय. मोठ्या जनावरांत त्यांत शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. कडब्याचा कठीण तंतु जनावर स्वतः पचवीत नाहीं, हे जंतु तो फोडतात. आणि त्यांच्या कामांतून जें निघतें त्यावर व अखेर त्या जंतूंवरच जनावर पोसलें जातें.

आतां या जंतूंनाही खाणें लागतें, आणि त्यांस मुख्यतः नत्र पाहिजे. वैरणीच्या कोरड्या वजनांत नत्रयुक्त द्रव्य, म्हणजे कच्चें प्रथिन, शेंकडा सातांच्या खालीं गेलें म्हणजे जंतूंची वाढ मंदावते. मग तंतु लवकर फुटत नाहीं, पोट लवकर रिकामें होत नाहीं, आणि पोट रिकामें न झाल्यामुळें जनावर खाणें कमी करतें. गव्हाण भरलेली आणि बैलाच्या बरगड्या दिसत आहेत, असा जो देखावा चैत्र-वैशाखांत घरोघर दिसतो, त्याचें कारण हें आहे. येथें वैरणीची कमतरता नसून वैरण पचविणाऱ्याची उपासमार झालेली असते.

सरकी पेंड अगर भुईमुगाची पेंड दिली म्हणजे ही उणीव भरून निघते. परंतु पेंड विकत घ्यावी लागते. झाडाचा पाला हेंच काम कमी खर्चांत करतो. तुलनेसाठीं शेंकडा कच्च्या प्रथिनाचे स्थूल आंकडे, कोरड्या वजनावर, खालीं देतों. जमीन, ऋतु व पानाचें वय यांप्रमाणें ते कमी-अधिक होतात.

ज्वारीचा कडबा: ३ ते ४
गव्हाचें काड: सुमारें ३
अंजन: ८ ते १०
वड: ९ ते १०
पिंपळ: १० ते १३
उंबर: ११ ते १३
बाभूळ: १२ ते १६
बोर: १३ ते १६
कडुलिंब: सुमारें १५
शिरस: १७ ते २५
शेवरी, सुबाभूळ, गिरिपुष्प: २० ते २५
शेवगा: २२ ते २७
हादगा: २५ ते ३०

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक, कडब्यापेक्षां कोणताही पाला प्रथिनानें सरस आहे. दुसरी, शेंगा धरणाऱ्या जातींचीं झाडें इतरांहून बहुधा वरचढ आहेत. मात्र कागदावरचें सर्व प्रथिन जनावराच्या अंगीं लागतें असें नाहीं. बाभूळ, बोर, अंजन यांच्या पानांत तुरट द्रव्य, ज्यास टॅनिन म्हणतात, तें असतें. तें प्रथिनाशीं घट्ट मिळून कांहीं भाग पचूं देत नाहीं. ज्याला परीक्षा पाहिजे त्यानें पान चावून पाहावें. तोंड जितकें कोरडें व तुरट पडेल तितकें टॅनिन अधिक समजावें.

आपल्या रानांतील झाडें

बाभूळ. या भागांतील कोरडवाहू रानाचा आधार म्हणजे बाभूळ. कडक उन्हाळ्यांत इतर झाडें उघडीं पडतात तेव्हां ती हिरवी असते. तिचा पाला बारीक व कांटेरी असल्यामुळें तो शेळ्या-मेंढ्यांस अधिक सोयीचा. मोठ्या गुरांस शेंगा अधिक उपयोगी पडतात. उन्हाळ्यांत शेंगा पिकून गळूं लागल्या म्हणजे त्या गोळा करून वाळवाव्या. अख्ख्या शेंगा दिल्यास बी कठीण असल्यामुळें पुष्कळसें शेणावाटे तसेंच बाहेर पडतें. म्हणून शेंगा कुटून अगर भरडून द्याव्या. टॅनिनमुळें त्यांचा अतिरेक झाल्यास शेण घट्ट होतें. मोठ्या जनावरास दिवसाकांठीं एक ते दीड किलो भरड आणि शेळीस मूठ-दोन मुठी, तीही दुसऱ्या वैरणीबरोबर, एवढें पुरे.

वेडी बाभूळ. ओढ्या-नाल्यांच्या कांठीं माजलेली ही परदेशी जात वेगळी. तिचा पाला जनावर सहसा तोंडांत घेत नाहीं. शेंगा मात्र गोड असून गुरें आवडीनें खातात. अख्ख्या शेंगा खाऊं दिल्यास शेणावाटे बीं सर्व रानांत पसरतें व पुढें तें उपटतां उपटतां नाकीं नऊ येतात. तेव्हां द्यावयाच्या तर दळून व बेतानेंच द्याव्या.

बोर. बोरीचा पाला शेळ्या, मेंढ्या व गुरें सर्वच खातात. राजस्थानच्या कोरड्या मुलखांत झुडुपी बोरीच्या फांद्या पावसाळ्यानंतर कापून वाळवितात व झोडून पानें निराळीं करून सांठवितात. त्या सांठ्यास तेथें 'पाला' असेंच नांव आहे. त्याच मुलखांत शेतांतील शमीचें झाड हिवाळ्यांत छाटून त्याच्या वाळलेल्या पानांस 'लूंग' म्हणतात व ते उन्हाळ्यापुरतें राखतात. आपल्यापेक्षां पुष्कळ कमी पावसाच्या प्रदेशांत ही रीति पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे बोरीचा पाला मार्गशीर्ष-पौषापर्यंत हिरवा असतो, तोंवरच ही तजवीज करावी. पुढें पानें गळूं लागलीं म्हणजे झाड त्यांतील सत्त्व आधींच काढून घेतें आणि हातीं केवळ पाचोळा येतो.

कडुलिंब, वड, पिंपळ, उंबर. लिंबाचा पाला कडू खरा; परंतु शेळ्या तो खातात आणि संवय लावल्यास गुरेंही थोडाथोडा खातात. फाल्गुन-चैत्रांत लिंबास नवी पालवी फुटते, तेव्हांच वैरण सर्वांत कमी असते, हा त्याचा विशेष. वड, पिंपळ, उंबर यांचा पाला प्रथिनानें मध्यम पण मुबलक असतो. पिंपळ व उंबर यांवर हत्यार चालविण्यास ज्यांचें मन घेत नाहीं, त्यांनीं तें चालवूं नये. वाऱ्यानें मोडलेल्या हिरव्या डहाळ्या उचलून आणल्या तरी पुष्कळ आहे.

शिरस, आपटा, अंजन. शिरसाचा पाला उत्तम वैरणींत गणला पाहिजे. झाड मात्र बांधावर विरळ आहे. आपट्याचीं पानें गुरें आवडीनें खातात. अंजन डोंगरउतारावर येतो व पाऊस हुकला तरी तग धरतो. पाला प्रथिनानें हलका, परंतु कडब्याहून बरा. चिंच व आंबा यांचा पाला अडचणींत थोडा चालतो. आंब्याचा पाला मात्र नित्य देऊं नये, तो दीर्घकाळ दिल्यास जनावरास अपाय होतो.

शेवरी व हादगा. ज्यांनीं पानमळे पाहिले असतील त्यांस हीं झाडें सांगावयास नकोत. नागवेलीस आधार व सावली म्हणून तीं लावीत आले आहेत. शेवरी जून महिन्यांत बीं टाकून येते, झपाट्यानें वाढते आणि शेळ्यांस तिच्यासारखा पाला दुसरा नाहीं. हादग्याचा पाला प्रथिनानें सर्वांत सरस. परंतु वरचा शेंडा वारंवार छाटल्यास हादगा मरतो, म्हणून त्याच्या बाजूच्या फांद्याच घ्याव्या. दोन्ही झाडें अल्पायुषी आहेत. तीन-चार वर्षांनीं नवीं लावण्याची तयारी ठेवावी.

सुबाभळीची हकीकत

सुबाभळीविषयीं वेगळें लिहिणें जरूर आहे. कारण हिची जितकी स्तुति झाली तितकीच निंदाही झाली. हिचें मूळ मेक्सिको व मध्य अमेरिका या भागांतलें. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या 'बाएफ' या संस्थेनें सन १९७० नंतरच्या दशकांत हिच्या उंच वाढणाऱ्या जातींचा प्रसार महाराष्ट्रांत हिरिरीनें केला. पुढें तीन अडचणी दिसून आल्या. पहिली, हिच्या शेंगा धरूं दिल्या तर बीं पसरून रान माजतें. दुसरी, १९८८ च्या सुमारास शेंडे शोषणारी एक परदेशी कीड भारतांत आली व तिनें कोंवळी फूट मारली. तिसरी व मुख्य अडचण म्हणजे पानांतील मिमोसिन हें विष. हें फार पोटांत गेल्यास केंस गळतात, वाढ खुंटते व गळ्याची ग्रंथि फुगते.

या विषाच्या उताऱ्याची हकीकत बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांस बाधा होई; परंतु हवाई बेटांतील शेळ्या तीच खाऊन सुखरूप राहतात, हें डॉ. रेमंड जोन्स यांच्या ध्यानांत आलें. त्या शेळ्यांच्या पोटांत हें विष फोडणारा एक जंतु आहे असें त्यांनीं दाखविलें, आणि सन १९८० नंतर तो जंतु ऑस्ट्रेलियांत नेऊन तेथील गुरांच्या पोटांत सोडतांच बाधा थांबली. १९९२ सालीं त्या जंतूस जोन्स यांच्याच नांवावरून 'सिनर्जिस्टिस जोन्सिआय' असें नांव देण्यांत आलें. आपल्या देशांतील रवंथ करणाऱ्या जनावरांतही अशा तऱ्हेचे जंतु आढळले आहेत. तरी त्यांची वाढ होण्यास अवसर द्यावा लागतो. म्हणून सुबाभळीचा पाला एकदम न देतां दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, आणि एकूण कोरड्या खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर कधींही जाऊं देऊं नये. घोडा व तट्टू यांचें पोट रवंथ करणारें नसल्यामुळें त्यांस हा पाला मुळींच घालूं नये. त्यांची आयाळ व शेपटीचे केंस झडतात.

गिरिपुष्पाची गोष्ट उलट आहे. त्याच्या ओल्या पाल्याच्या उग्र वासामुळें गुरें प्रथम तोंड फिरवितात; एक दिवस सुकवून दिला व वर थोडें गुळाचें पाणी शिंपडलें म्हणजे खाऊं लागतात. हाही घोड्यास वर्ज्य आहे. उग्र वासाचा कोणताही पाला दुभत्या जनावरास धार काढल्यानंतरच द्यावा, म्हणजे दुधास वास लागण्याची भीति राहत नाहीं.

जें देऊं नये तें

भुकेलेलें जनावर निवड करीत नाहीं. निवड धन्यानें करावयाची असते. घाणेरी, जिला टणटणी असेंही म्हणतात, ती खाल्ल्यास काळीज बिघडून कावीळ होते व उन्हांत कातडी भाजल्यासारखी सोलते. कण्हेरीचीं थोडीं पानेंही हृदय बंद पाडण्यास पुरेशीं होतात. बेशरम, एरंड, धोतरा व रुई हींही वर्ज्य समजावीं. छाटणी केलेल्या कुंपणांत यांपैकीं एखादी फांदी मिसळून गव्हाणींत जाते आणि घात होतो. म्हणून भारा सोडतांना तो झाडून पाहावा.

हिवराविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे, कारण तें झाड बाभळीच्याच रानांत उभें असतें व तिच्यासारखेंच दिसतें. त्याच्या पाल्यांत व शेंगांत पोटांत गेल्यावर सायनाइड उत्पन्न करणारें द्रव्य असतें. कोंवळ्या ज्वारीनें जशी बाधा होते तशीच यानें होते. उपाशी शेळ्यांनीं एकदम पुष्कळ खाल्ल्यास त्यांना धाप लागते, तोंडास फेंस येतो व त्या थोड्याच वेळांत आडव्या पडतात. असें झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें. वेळेवर टोंचलेल्या औषधानें जनावर वांचतें.

किती व कसा द्यावा

पाला ही पुरवणी आहे, मुख्य वैरण नव्हे. कडबा हें अन्न व पाला हें त्याचें कालवण, असें समजल्यास चूक होणार नाहीं. साडेतीनशें किलो वजनाच्या बैलाचा हिशेब उदाहरणार्थ घेऊं. त्यास दिवसाकांठीं सुमारें साडेआठ किलो कोरडें खाद्य लागतें. सगळा कडबाच दिला व त्यांत प्रथिन शेंकडा साडेतीन धरलें, तर पोटांत जाणारें प्रथिन तीनशें ग्रॅमच्या आंत राहतें. तेंच साडेसहा किलो कडबा व सात किलो ओला सुबाभळीचा पाला दिला, तर ओला पाला वाळून दोन किलो भरतो. कडब्यांतून सुमारें २२५ व पाल्यांतून सुमारें ४०० मिळून ६२५ ग्रॅम प्रथिन होतें, म्हणजे शेंकडा सातांहून थोडें अधिक. जंतूंस जें कमींत कमी पाहिजे तें येथें साधलें; शिवाय रोजचा दोन किलो कडबा वांचला. नव्वद दिवसांत एका जोडीमागें ३६० किलो कडबा वांचतो, हें शेतकऱ्यानें स्वतः मांडून पाहावें.

तीस किलो वजनाच्या शेळीस सुमारें एक किलो कोरडें खाद्य लागतें. त्यांतील निम्मा भाग मिश्र पाल्याचा असला तरी चालतो. शेळीचें तोंड व पोट पाल्यासाठींच घडलेलें आहे.

पुढील नियम सर्व जनावरांस लागू आहेत. एकाच झाडाचा पाला सतत न देतां दोन-तीन जातींचा मिसळून द्यावा; त्यामुळें तुरटपणा व इतर दोष वांटले जातात. आरंभ थोड्यानें करून दोन आठवड्यांत पूर्ण प्रमाणावर यावें. उपाशी पोटीं पाला पुढें टाकूं नये, आधीं थोडा कडबा खाऊं द्यावा. पाल्यांत चुना भरपूर असला तरी स्फुरद कमी असतें. यासाठीं गव्हाचा कोंडा अगर खनिज मिश्रण थोडें द्यावें, मीठ व भरपूर पाणी द्यावें. शेण खड्याप्रमाणें घट्ट पडूं लागलें तर तुरट पाला कमी करावा.

झाड राखून पाला

दुष्काळांत झाडें ओरबाडून नागडीं केलीं जातात आणि पुढच्या दुष्काळास तीं नसतात. उत्पन्न घ्यावें, भांडवल मोडूं नये, हा व्यापाराचा नियम येथेंही पाळला पाहिजे. झाडाच्या माथ्याचा वरचा तिसरा भाग नेहमीं राखावा. खालच्या दोन भागांतूनच फांद्या घ्याव्या. फांदी ओढून मोडूं नये, धारदार कोयत्यानें तिरपी व स्वच्छ छाटावी. साल सोलली तर कीड शिरते. मोठें झाड वर्षांतून एकदांच छाटावें. बांधावरील झाडांचे तीन गट पाडून पाळीपाळीनें दरवर्षीं एकच गट छाटला तर प्रत्येकास दोन वर्षें विश्रांति मिळते. कोंवळीं झाडें खोड मनगटाएवढें होईपर्यंत हातीं धरूं नयेत.

मेंढपाळांचे कळप रानांत येतात तेव्हां ते आकडीनें बाभळीच्या डहाळ्या पाडतात. यावरून तंटे होतात. खरें पाहतां दोघांच्या गरजा परस्परांस पूरक आहेत: शेतकऱ्यास मेंढ्या बसवून खत पाहिजे व मेंढपाळास पाला. कोणतीं झाडें व किती उंचीपर्यंत छाटावयाचीं हें आधीं ठरवून दिलें तर झाडही राहील व शेतही खतेल.

सरकारी वनांत, रस्त्याच्या कडेस अगर गायरानांत परवानगीवांचून छाटणी करूं नये. स्वतःच्या बांधावरील झाड असलें तरी तें मुळापासून तोडण्यास महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड कायद्याचे निर्बंध आहेत. छाटणी व तोड यांत भेद आहे तो विसरूं नये.

वाळवून सांठविणें

पाला जेव्हां विपुल असतो तेव्हां गवतही विपुल असतें, आणि जेव्हां गरज असते तेव्हां दोन्ही नसतात. म्हणून खरा फायदा सांठवणींत आहे. नॉर्वे-स्वीडनसारख्या थंड देशांतील शेतकरी उन्हाळ्यांत एल्म, ॲश व बर्च या झाडांच्या डहाळ्या कापून, पेंढ्या बांधून हिवाळ्यासाठीं वाळवीत असत. त्यांचा शत्रु बर्फ होता, आपला ऊन आहे. उपाय मात्र एकच.

पाऊस उघडल्यावर, भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत, सकाळचें दंव उडाल्यावर डहाळ्या कापाव्या. कडक उन्हांत न टाकतां सावलींत, स्वच्छ सारवलेल्या जमिनीवर अगर ताडपत्रीवर पातळ पसराव्या. दिवसांतून दोनदां उलटाव्या. दोन-तीन दिवसांत पान हातांत चुरगळलें असतां कुरकुर वाजूं लागतें. मग झोडून पानें निराळीं करावीं व काड्या सरपणास ठेवाव्या. शेंगवर्गी झाडांचीं बारीक पानें लवकर गळतात, म्हणून खालीं कापड अवश्य पाहिजे. रंग हिरवट राहिला तर पाला चांगला वाळला. काळा पडला तर ओल राहिली किंवा ऊन फार लागलें. पोतीं भरून फळीवर, भिंतीपासून सुटीं रचावीं. बुरशी आलेला पाला उकिरड्यावर टाकावा. तो गाभण जनावरास तर कदापि देऊं नये.

लागवडीचा हिशेब

आहेत त्या झाडांवर भागत नसेल तर लागवड करावी. सुबाभळीचें बीं कठीण कवचाचें. उकळी येऊन जरा निवालेल्या पाण्यांत तीन-चार मिनिटें बुडवून नंतर रात्रभर थंड पाण्यांत भिजत घालावें. शेवरी बियांनीं व गिरिपुष्प मनगटाएवढ्या जाड, हात-दोन हात लांबीच्या फाट्यांनीं येतें. बांधाच्या कडेनें अर्ध्या मीटरवर एक रोप लावून, पहिलें वर्ष जनावरांपासून राखून, दुसऱ्या वर्षापासून कमरेइतक्या उंचीवर कापावें. सुबाभळीची शेंग धरण्यापूर्वींच कापणी व्हावी. पाणी सांचणाऱ्या जागीं ती लावूं नये.

एका जोडीस नव्वद दिवस रोज चौदा किलो ओला, अगर चार किलो वाळलेला पाला द्यावयाचा म्हणजे १,२६० किलो ओला माल पाहिजे. एका रोपापासून वर्षाच्या कापण्या मिळून सहा किलो मिळाला असें समजूं. तर २१० रोपें लागतील, आणि त्यांना १०५ मीटर बांध पुरेल. जमीन हलकी असेल तर उत्पन्न याहून कमी येईल. यासाठीं प्रत्येकानें प्रथम आपल्या रानांतील दहा झाडांचा पाला कापून वजन करावें व आपला आंकडा आपणच काढावा; दुसऱ्याच्या जमिनीचा आंकडा आपल्या जमिनीस लागत नाहीं.

उपसंहार

पाल्यानें दुष्काळ टळत नाहीं, आणि गंज रिकामी असतां केवळ पाल्यावर बैल जगवितां येत नाहीं. परंतु अर्ध्या गंजीवर पाऊण उन्हाळा काढतां येतो, पेंडेचा खर्च कमी होतो, आणि वैशाखांत जनावर बाजारांत नेण्याची वेळ कांहीं आठवडे लांबते. मृगाच्या पेरणीस दावणीला स्वतःची जोडी असणें व भाड्याच्या जोडीची वाट पाहणें यांतील अंतर कोरडवाहू शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. येत्या आषाढांत चकलांबा भागांतील आमच्या प्रत्येक सभासदानें शंभर हात बांधावर पाल्याचीं झाडें लावावीं, आणि भाद्रपदापासून एक पोतें का होईना, वाळला पाला घरांत ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे. पुढील उन्हाळ्यांत ज्यांनीं ही तजवीज केली असेल त्यांनीं आपल्या जनावरांचा व खर्चाचा अनुभव आंकड्यांसह मासिकाकडे लिहून पाठवावा. तो आम्ही आनंदानें छापूं, म्हणजे इतरांसही त्याचा लाभ होईल.